गुरुवारचं मोठं अक्षर

नलू: नको, तो एप्रन तू घेऊन जा. धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. कपाटाची किल्ली खिशात आहे.

श्रेया: काकू, मी एप्रन न्यायला नाही आले.

नलू: आलीच आहेस तर ने. तू रोज परळला संस्थेच्या स्वयंपाकघरात जातेस, मला एवढ्यासाठी खेप कशाला? तिथल्या शेवंतीला म्हणावं, हॉस्पिटलच्या गुरुवारच्या डब्यांवर दुसरं कुणीतरी उभं कर. माझं झालं आता.

श्रेया: काका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना.

रघुवीर: मी परवापासून सांगतोय. त्या नादात काल मला चहाही मिळाला नाही.

नलू: मिळाला होता. गार झाल्यावर तुमच्या लक्षात आला. मनवा, इकडे ये गं. ही घे वडी.

श्रेया: काकू, त्यात शेंगदाणे...

नलू: राजगिऱ्याची आहे. मला माहितीये तिला शेंगदाणे चालत नाहीत, गेल्या वेळी तू तीनदा सांगितलंस. घाबरू नकोस.

श्रेया: सवय झालीय. आज पाळणाघराला सुट्टी, म्हणून हिला घेऊनच यावं लागलं. काकू, गुरुवारी नक्की काय झालं? शेवंतीबाईंनी एक सांगितलं, वॉर्डच्या सिस्टरनं दुसरंच. मला तुमच्याकडून ऐकायचंय.

नलू: काय ऐकायचंय त्यात? मुलांच्या वॉर्डाची ढकलगाडी माझ्याकडे असते. डब्यावरची चिठ्ठी वाचायची आणि खाटेच्या क्रमानं डबे लावायचे. वर आया तशीच वाटत जाते, ती काही वाचत बसत नाही. अकरा नंबरचा आळणी डबा मी एकोणीसच्या जागी लावला, आणि एकोणीसचा मिठाचा अकराच्या. आणि अकराच्या पोराची किडनी एवढीशी. त्याला मिठाचा कण चालत नाही.

श्रेया: पण त्याला काही झालं नाही. मी काल जाऊन बघून आले. खाटेवर चादरीचा बोगदा करून आत गाड्या नेत होता.

नलू: झालं नाही ते माझ्यामुळे नाही. त्याची आई प्रत्येक डब्यातला घास आधी स्वतः खाऊन बघते. तोंडात घातल्याबरोबर तिनं डबा बंद केला आणि सिस्टरला हाक मारली. नाहीतर? मला वर बोलावलं, मी तिच्यासमोर उभी होते. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

श्रेया: मी पण तेच करते काकू. मनवाचं ताट लावलं की आधी माझा घास. घरात मला हसतात सगळे.

नलू: हसू देत. तू चाखत जा. आणि माझं म्हणशील तर डोळे गेलेत माझे. सोमवारी डॉक्टरकडे नंबर लावलाय.

रघुवीर: असे आठवड्यात डोळे जात नाहीत.

नलू: तुम्ही डॉक्टर आहात? श्रेया, तूच ऐक. पेपर मी कधीच सोडला, ठळक मथळे तेवढे दिसतात. पोथी सोडली. भाजीवाल्याकडे वजन हेच बघतात. पण डब्यावरची चिठ्ठी मला वाचता यायची. प्रत्येक गुरुवारी, लख्ख. मी म्हणायचे, देवाला माझ्याकडे तेवढंच ठेवायचं असेल. आणि या गुरुवारी बघते तर चिठ्ठीवर मुंग्या. मग एक काय आणि नऊ काय.

श्रेया: तुम्ही कुणाला विचारलं नाहीत, वाचून दे म्हणून?

नलू: लाज वाटली. वाटलं, चष्मा पुसला नसेल. चष्मा पुसला. मग अंदाजानं लावले. अंदाजानं, श्रेया. आजारी पोरांचे डबे. बस् झालं. मनवा, चल, आत पाण्याच्या टाकीत कासव आहे ते दाखवते तुला.

(नलू मनवाला घेऊन आत जाते.)

श्रेया: काका, हे माझ्यामुळे झालंय.

रघुवीर: हळू बोल.

श्रेया: बुधवारी मी डब्यांच्या चिठ्ठ्या छापणारा तुमचा प्रोग्रॅम नव्या पद्धतीवर नेला.

रघुवीर: पहिल्या ओळीत नव्या पद्धतीचा तो शब्द घातलास?

श्रेया: घातला. तुम्हाला फोन केला होता मी. तुम्ही म्हणालात, कर.

रघुवीर: म्हणालो. आज ना उद्या करावंच लागणार होतं. नव्या मशीनवरची लिस्प भाषा जुन्या पद्धतीला फार दिवस थारा देणार नाही. मी निवृत्त झाल्यावर हौसेनं शिकलो, लोक पत्ते शिकतात तसा. त्या काळी जुनीच पद्धत होती, आणि मला ती आवडायची. नाव वर एकदा ठेवलं की खालच्या सगळ्यांना दिसतं.

श्रेया: आणि मला त्याचीच भीती होती. खालच्याला कोण काय दाखवतंय ते कळत नाही. म्हणून आहाराचं एकेक नाव मी शोधून काढलं. मीठ, साखर, पातळ जेवण, पथ्य. जिथं जिथं खालचं काम वरच्याच्या भरवशावर होतं, तिथं तिथं ते हातात दिलं. मग जुना आणि नवा शेजारी शेजारी चालवून बघितले, चिठ्ठी अन् चिठ्ठी ताडून. काना-मात्रेचा फरक नव्हता.

रघुवीर: कुठल्या वारी चालवलेस?

श्रेया: मंगळवारी.

रघुवीर: हं.

श्रेया: काल शेवंतीबाई मला म्हणाल्या, ‘गुरवारचा अक्षर मोठा येता मां? ह्या खेपेक बारीक कित्या इला?’ मी हसले. म्हटलं, प्रिंटरचं काहीतरी असेल. मग संध्याकाळी मनवाला भरवता भरवता एकदम आठवलं. नव्या पद्धतीवर नेल्यावर मशीन इशारे देतं ना, त्यातला एक होता. ‘अक्षर’ हे नाव इथं ठेवलंय, पण कुणी वापरत नाही.

रघुवीर: आणि तू पुसलंस.

श्रेया: पुसलं. जिवाशी खेळ होईल असं सगळं जपून नेलं, आणि म्हटलं, अक्षराच्या आकारानं काय होतंय.

रघुवीर: तुझ्या जागी मी असतो तर मीही पुसलं असतं.

श्रेया: ते काकूंसाठी होतं ना?

रघुवीर: या खिडकीतून पार्कातली क्रिकेटची नेट्स दिसायची. आता त्या झाडानं सगळं झाकून टाकलंय बघ.

श्रेया: काका.

रघुवीर: हो. तिच्यासाठी होतं. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि म्हणावी तशी जमली नाही. त्याआधी ती स्वयंपाकघरात सगळ्यांना बजावून आली होती, ज्या दिवशी माझ्यासाठी वेगळी सोय करावी लागेल, त्या दिवसापासून मी येणार नाही. तिला तू ओळखतेस. मग मी काय करणार? वार गुरुवार असला तर अक्षर मोठं, एवढं सगळ्यात वर लिहून ठेवलं. कुणाला सांगावं लागलं नाही.

श्रेया: त्यांनाही नाही.

रघुवीर: तिला तर नाहीच. हे बघ, एक कर. ते नाव परत घाल. हे एकच नाव जुन्या पद्धतीनं दिसू दे, असं एका ओळीत जाहीर करता येतं, तुला माहीत आहे. पुढच्या गुरुवारी मी काहीतरी करून तिला घेऊन येतो. अक्षर दिसेल. ती म्हणेल, त्या दिवशी झापड आली होती. विषय संपला.

श्रेया: आणि सोमवारी डॉक्टरांना त्या काय सांगणार? आठवडाभरात दिसेनासं झालं म्हणून? ते घाबरून कसल्या कसल्या तपासण्या लावतील. काकू झोपल्या का काल?

रघुवीर: नाही.

श्रेया: तुम्ही?

रघुवीर: माझं सोड.

श्रेया: मला जमणार नाही काका. तुम्ही मोठे आहात, पण मला जमणार नाही. कुणी माझ्या मुलीसाठी काही करत असेल आणि ते मलाच माहीत नसेल, आणि ते ज्या दिवशी बंद पडेल त्या दिवशी मला वाटेल की दोष माझा... मला नाही चालणार.

नलू: कासव झोपलंय, मनवा त्याच्याकडे बघत बसलीय. आणि या घराला दोनच खोल्या आहेत, हे तुम्ही दोघं विसरलात.

रघुवीर: नलू, बस.

नलू: उभीच बरी आहे. श्रेया, मला कळेल असं सांग. तुम्ही नको, तुम्ही पार्काला फेरी मारून मग मुद्द्यावर याल.

श्रेया: काकू, काकांचा प्रोग्रॅम म्हणजे एक मोठं काम. ते छोट्या छोट्या कामांना बोलावतं, ती आणखी छोट्यांना. चिठ्ठी छापणारं काम अगदी तळाला. त्याला प्रश्न पडतो, अक्षर केवढं छापू? जुन्या पद्धतीत त्याच्यापाशी उत्तर नसलं की ज्यानं बोलावलं त्याच्याकडे बघायचं. तिथं नसलं तर त्याच्याही वर. काका गुरुवारी सगळ्यात वर ठेवून द्यायचे, आज मोठं. ते तळापर्यंत आपोआप पोचायचं.

नलू: म्हणजे आमच्या सासूबाईंसारखं. त्यांनी सकाळी तोंड पाडलं की दुपारी मोरीतली बाईसुद्धा भांडी हळू घासायची. कुणी कुणाला सांगत नसे.

श्रेया: अगदी तसंच. नव्या पद्धतीत प्रत्येकाला स्वतःच्या घरात लिहिलेलं तेवढंच दिसतं. वरच्याचं तोंड दिसत नाही. त्याला काही कळायला हवं असेल तर ते हातात द्यायचं.

नलू: मग हे बरं की.

श्रेया: बरंच आहे. कुणाच्या कशामुळे काय बदललं, हे शोधत हिंडावं लागत नाही. फक्त सामान हलवताना जे न सांगता चालू होतं ते सांडतं. तुमचं मोठं अक्षर माझ्या हातून सांडलं, काकू. तुमच्या डोळ्यांना या आठवड्यात काहीही झालेलं नाही. ते आधी होते तसेच आहेत.

नलू: आधी होते तसेच. म्हणजे वाईटच.

श्रेया: मी तसं नाही...

नलू: तू नाही गं. खरं तेच म्हणालीस. अहो, कधीपासून हे?

रघुवीर: पट्टी सुटली, त्यानंतरच्या दिवाळीपासून.

नलू: तेव्हापासून. आणि मी जगाला सांगत सुटले, चिठ्ठी मला लख्ख वाचता येते. शेवंतीला ठाऊक असणार.

रघुवीर: मी नाही सांगितलं.

नलू: तिला सांगावं लागत नाही. बरं, आणि नावं? गुरुवारी चिठ्ठ्यांवर नावं नसायची.

रघुवीर: मोठ्या अक्षरात नाव मावत नव्हतं. खाट आणि आहार, एवढंच बसायचं.

नलू: मला वाटायचं, गुरुवारी उपासाचे डबे जास्त, त्या गडबडीत नावं घालत नसतील. सिस्टरलाही मी तेच ठणकावून सांगायचे, आमच्याकडे गुरुवारी नावं नसतात म्हणून. तुम्हाला सांगते, परवा पहिल्यांदा त्या चिठ्ठीवर नाव होतं. मुंग्यांसारखं, पण होतं. मी ते डोळ्याशी नेऊन वाचत बसले. पहिलं ‘रा’ लागलं, मग ‘ज’, मग किती वेळ पुढचं लागेचना. राजरत्न. एवढ्याशा पोराला केवढं भारदस्त नाव. मला गंमत वाटली. तेवढ्यात मागून हाक आली, गाडी निघायची झाली, आणि मी डबा लावून टाकला. आकडा नीट बघितलाच नाही.

श्रेया: हे तुम्ही आधी नाही बोललात.

नलू: काय बोलू? नाव वाचत होते म्हणून मीठ गेलं, असं? मला तिथली सगळी पोरं खाटेच्या आकड्यानं माहीत. अकरा नंबर, चार नंबर. बरी होऊन घरी गेली तरी आकडेच. अहो, मला सांगायला काय झालं होतं तुम्हाला?

रघुवीर: तू येणार नाही म्हणाली होतीस. सोय केली तर.

नलू: म्हणाले होते. तेव्हा पाय चालत होते, डोळे चालत होते, बोलायला काय जातं?

रघुवीर: गुरुवारी परळहून आलीस की तू दोन दिवस वेगळी असतेस. जेवताना बोलतेस. ते बंद झालं असतं.

नलू: आणि मला कळलं असतं की मला दिसत नाही, हे?

रघुवीर: ते कशाला कळायला हवं होतं?

नलू: कशाला म्हणजे? परवा बारीक अक्षर आलं तेव्हा मी हात वर केला असता. म्हटलं असतं, शेवंती, मला हे वाचता येत नाही, तू वाच. मला ठाऊक असतं तर लाज कसली? मला वाटत होतं की मला दिसतं, म्हणून मी अंदाज केला. तुम्ही माझं मन राखलंत. त्या पोराच्या आईनं चाखलं नसतं तर माझं मन कुठं ठेवलं असतंत?

रघुवीर: हो.

नलू: नुसतं हो?

रघुवीर: तुझं बरोबर आहे.

श्रेया: काकू, काकांनी जे केलं...

नलू: त्यांची वकिली नको करूस. आमचं आम्ही बघू, संध्याकाळ पडलीय आख्खी. मनवा, कासवाला बोट लावू नकोस गं. बरं, उठव हवं तर, उठायची वेळ झालीच त्याची.

श्रेया: मी आज दुरुस्त करते. पण तुम्ही येणार नसाल तर कशासाठी करू?

नलू: येणार नाही असं आता कुठं म्हटलं मी?

श्रेया: मघाशी एप्रन...

नलू: मघाशी मी आंधळी झाले होते. आता कळलं की नाही झाले. अर्धी होते ती अर्धीच आहे. अर्धीनं डबे लावता येतात, शेजारी कुणीतरी उभं राहिलं तर. आकडे एकदा मी वाचेन, एकदा दुसऱ्यानं वाचायचे. यांना काही काम नाही, गुरुवारी घरीच असतात.

रघुवीर: मी?

नलू: नाहीतर काय कासव?

रघुवीर: येईन.

नलू: आणि श्रेया, नाव हवं मला चिठ्ठीवर. मोठ्या अक्षरात.

श्रेया: मावणार नाही काकू. पट्टी एवढीशी आहे.

नलू: मग दोन पट्ट्या लाव.

श्रेया: डब्याच्या झाकणावर एक, पोटावर एक. जमेल. थांबा, लॅपटॉप काढते. अक्षर आता मी वरून खाली प्रत्येकाच्या हातात देते. कुठं दिलं गेलं नाही तर चिठ्ठी छापलीच जाणार नाही, प्रोग्रॅम थांबेल आणि ओरडेल. गुपचूप बारीक होणार नाही.

रघुवीर: मी म्हटलं तसं एका ओळीतही झालं असतं.

श्रेया: झालं असतं. पण ते परत तुमच्यासारखंच झालं असतं काका.

नलू: छान बोललीस. बरं, पण मला सांग, उद्या तू दुसरीकडे गेलीस. तुझ्या जागी तुझ्यासारखीच कुणी नीटनेटकी पोरगी आली. तिला वाटलं, हे गुरुवारचं काय खूळ आहे, आणि तिनं पुसलं, तर?

श्रेया: त्या ओळीच्या शेजारी कारण लिहून ठेवता येतं. मशीन ते वाचत नाही, माणसं वाचतात.

नलू: यांनी नव्हतं लिहिलं?

रघुवीर: तुझं नाव आलं असतं त्यात. विश्वस्त मंडळाच्या नजरेला पडलं असतं.

नलू: पडू दे की. श्रेया, आता लिही. इथं, माझ्यासमोर बसून लिही.

श्रेया: काय लिहू?

नलू: लिही. दर गुरुवारी मुलांच्या वॉर्डाचे डबे लावायला नलिनी रघुवीर टिपणीस असतात. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. सबब चिठ्ठी मोठ्या अक्षरात छापावी.

रघुवीर: सबब कशाला? कोर्टात अर्ज देतेस का?

नलू: तुम्ही गप्प बसा, तुमची पाळी होऊन गेली. वाच गं, काय लिहिलंस.

श्रेया: ‘दर गुरुवारी मुलांच्या वॉर्डाचे डबे लावायला नलिनी रघुवीर टिपणीस असतात. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. सबब चिठ्ठी मोठ्या अक्षरात छापावी. हे पुसू नये.’ शेवटचं माझं आहे.

नलू: ते राहू दे. पण ‘दिसत नाही’ नको. ‘कमी दिसतं’ लिही.